सुईभर तुकडा मागायचा कुणी?

यकृताचा तुकडा सलाइनच्या बाटलीत आला होता. झाकणाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं नाव ओघळलेलं. गणपती उठून आठवडा झाला असेल, म्हणजे नाशकातला डेंग्यूचा ठरलेला मोसम. मी तेव्हा इथल्या एका खासगी लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे शरीरातले तुकडे सूक्ष्मदर्शकासाठी तयार करणारा, टेक्निशियन होतो. तुकड्यांचे मेणातले ब्लॉक पाडायचे, कापायचे, रंगवायचे, यातच माझी नोकरीची वर्षं गेली. चिमट्यात धरला आणि कळलं. तुकडा घट्ट पिठल्यासारखा सुटत होता. फॉर्मॅलिनऐवजी साध्या सलाइनमध्ये, तेही दीड दिवस, म्हटल्यावर दुसरं काय होणार? माणूस गेल्यावर पेशी स्वतःच्याच विकरांनी स्वतःला पचवायला लागतात. फॉर्मॅलिन ते थांबवतं, सलाइन नाही.

ज्याचा तो तुकडा, तो गेलेला मुलगा एकवीस वर्षांचा होता. चौथ्या दिवशी त्याचे वडील काउंटरवर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळे जुने रिपोर्ट.

"भाऊ, काय निघालं त्यात?"

"दादा, तुकडा खराब झाला होता. काही सांगता येत नाही."

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे उगाचच काढला म्हणायचा."

या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तरीही या लेखात मी उलटंच म्हणणार आहे. विषाणूच्या तापाने माणूस दगावला की नाशिकमध्ये नातेवाइकांना दरवेळी नीट विचारून, नीट पद्धतीने असे तुकडे घ्यायला हवेत. ते जपायला हवेत आणि त्यांच्यात रोगप्रतिकाराची, दाहाची प्रथिनं शोधायला हवीत. आपण हे करत नाही आणि त्याची किंमत पुढचा रुग्ण मोजतो.

आधी सध्या काय होतं ते बघू. रुग्ण गेला की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ भरतात. त्यात रोगाचं नाव लिहायचं असतं, मरणाची रीत नाही, अशी स्पष्ट सूचना असते. तरी किती फॉर्मवर "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" एवढंच लिहिलेलं असतं ते या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. हृदय आणि श्वास बंद पडल्याशिवाय कोण मरतं? डेंग्यूच्या मृत्यूंचं पुढे डेथ ऑडिट होतं. समिती केसपेपर चाळते, एनएस-१ आणि एलायझा या रक्तचाचण्यांचे निकाल बघते, मृत्यू "डेंग्यूमुळे" की "संशयित" ते ठरवते. पेपरात चौकट येते. पण समितीपुढे असतात ते फक्त कागद. विषाणू शरीरात होता की नव्हता, इतकंच त्यातून कळतं. त्याने नेमकं काय केलं, की त्याच्याशी लढताना शरीरानेच स्वतःचं काय करून घेतलं, हा प्रश्न समितीच्या टेबलावर येतच नाही.

आणि डेंग्यूत तर खरा प्रश्न तोच आहे. ताप चढलेला असतो तेव्हा रक्तात विषाणू भरपूर असतो. ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत काही रुग्ण कोसळतात. तोवर रक्तातला विषाणू कमी व्हायला लागलेला असतो. केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल पडतं, रक्तातलं पाणी छातीत-पोटात झिरपतं, रक्त घट्ट होतं, दाब पडतो. शत्रू माघार घेत असताना घर कोसळतं, मग कुणी पाडलं? संशयित दोन आहेत. एक, आपल्याच पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिनं: टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ (आयएल-६) आणि त्यांचा गोतावळा. दुसरा, विषाणूचंच एनएस-१ हे प्रथिन. ज्याची आपण पट्टीवर तपासणी करतो तेच हे, आणि तेही वाहिन्यांचं अस्तर थेट सैल करू शकतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा एक झालेल्याला पुढे दुसरा झाला की धोका वाढतो, त्यालाही प्रतिकारशक्तीची जुनी आठवणच कारणीभूत मानतात.

आपल्याकडे मात्र सगळी चर्चा प्लेटलेटवर. "किती आल्या?" हा सप्टेंबरमध्ये सिडकोपासून पंचवटीपर्यंत प्रत्येक वॉर्डाबाहेर ऐकू येणारा प्रश्न. पपईच्या पानांचा रस, किवी, आणि मध्यरात्री रक्तपेढीसमोर रांग. सिंगापूर आणि मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. प्लेटलेट कमी झाल्या पण रक्तस्राव नाही, अशांना प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास वाढले. तरी आकडा बघून पिशवी लावणं थांबलेलं नाही. आकडा दिसतो ना! केशवाहिनीचं अस्तर दिसत नाही.

रक्तात सगळं कळतं, मग मेलेल्या माणसाचे तुकडे कशाला, असा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. कोविडमध्ये घरोघरी लोक पॅथॉलॉजिस्ट झाले होते. डी-डायमर, सीआरपी, फेरिटिन, आयएल-६, एचआरसीटी स्कोअर, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. पण रक्त म्हणजे रामकुंडावरचं पाणी. पावसाळ्यात ते गढूळ झालं एवढं तिथे उभं राहून दिसतं. माती गंगापूर धरणाकडून आली, कुठल्या नाल्यातून आली की कुठल्या बांधकामाची आहे, ते रामकुंडावर दिसत नाही. त्यासाठी वरच्या अंगाला जावं लागतं. आयएल-६ वाढलं म्हणजे कुठेतरी दाह आहे. तो फुप्फुसात आहे की यकृतात, कोणत्या पेशी ते सोडताहेत, आणि विषाणू त्याच जागी आहे की नाही, हे फक्त ऊतीच सांगू शकते.

ती कशी सांगते, तेही लिहितो. माझं कामच ते होतं आणि लोकांच्या मनात "चिरफाड" या शब्दापलीकडे काही नसतं.

तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये एक-दोन दिवस मुरतो. त्याहून फार जास्त ठेवला तर प्रथिनं एकमेकांत इतकी गुंततात की नंतर ओळखू येत नाहीत. लोणचंसुद्धा किती मुरू द्यायचं याला मर्यादा असते. मग पाणी काढून तो मेणात बसवायचा, हा झाला ब्लॉक. बर्फावर थंड केलेला ब्लॉक मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर लावला की चार मायक्रॉनची फीत निघते, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. पंखा चालू असेल तर ती उडून जाते, म्हणून मे महिन्यातही आम्ही घामाघूम होऊन पंखा बंद करूनच बसायचो. फीत कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या सुटतात, आणि मग काच खालून घालून अलगद उचलायची. यानंतर मेण उतरवायचं, सायट्रेटच्या द्रावणात उकळून गुंतलेली प्रथिनं पुन्हा मोकळी करायची, आणि ज्या प्रथिनाचा शोध आहे त्यालाच चिकटेल अशी अँटिबॉडी टाकायची. तिला चिकटणारी दुसरी, मग डीएबी हे रसायन. जिथे ते प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकीच्या पेशींची केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनने निळी. निळ्या शेतात तपकिरी ठिपके. मग एक माणूस सूक्ष्मदर्शकाशी बसून ते मोजतो. कोणता तुकडा कुणाचा हे त्याला माहीत नसलेलं बरं.

एका ब्लॉकमधून अशा कित्येक फिती निघतात. पहिलीवर विषाणूचं प्रथिन शोधायचं, दुसरीवर टीएनएफ, तिसरीवर इंटरफेरॉन-गॅमा. शेजारशेजारच्या फिती एकमेकींवर ठेवल्यासारख्या वाचल्या की शत्रू आणि फौज एकाच गल्लीत होते की नाही ते दिसतं.

इथे मात्र मला माझ्याच बाजूच्या लोकांना टोकायचं आहे. तपकिरी दिसलं म्हणजे गुन्हेगार सापडला, असं नसतं. आग लागते तिथे बंब दिसतोच, म्हणून आग बंबाने लावली म्हणायची का? दाह वाढवणाऱ्या प्रथिनांच्या शेजारीच दाह आवरणारीही असतात. शिवाय हा शेवटच्या तासाचा फोटो आहे, आधीच्या पाच दिवसांचा सिनेमा नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर होता, त्याला स्टेरॉइड दिलं होतं, जंतुसंसर्गही झाला होता, या सगळ्याचा रंग त्या काचेवर असतो. म्हणून तुलनेसाठी विषाणूचा आजार नसलेल्या माणसांच्या ऊती लागतातच. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातात गेलेल्यांचं शवविच्छेदन कायद्याने होतंच. पण कायद्याने पीएम झालं म्हणून संशोधनासाठी तुकडा ठेवायची परवानगी मिळाली असं होत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी गुळमुळीत ठेवली जाते. मला ते मान्य नाही.

एवढी बंधनं असूनही ऊतींनी काय दिलं ते बघा. एडिंबरा इथे कोविडने गेलेल्या ११ जणांच्या ऊतींचा अभ्यास झाला. विषाणूच्या खुणा अनेक अवयवांत होत्या, पण जिथे विषाणू तिथे दाह, असा मेळ बसेना. दाह मुख्यतः फुप्फुसात आणि प्रतिकारयंत्रणेच्या स्वतःच्या ऊतींत होता. म्हणजे जीव घेणारी गोष्ट विषाणूच्या मुक्कामापेक्षा शरीराच्या प्रतिसादाशी जास्त बांधलेली होती. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल याच्या आधीच, जून २०२० मध्ये आला होता हे खरं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. पण त्याच चाचणीत ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना काहीच फायदा झाला नव्हता. हे दुसरं वाक्य आपल्याकडे पोचलंच नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात ताप आला की दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड, असं किती घरांत झालं! पुढे म्युकरच्या वॉर्डात कोण कोण होतं, ते नाशिककरांना सांगायला नको. मधुमेह, स्टेरॉइड आणि काळी बुरशी, हे त्रिकूट आपण जवळून पाहिलं. औषध तेच, पण शरीरात कधी काय चालू आहे हे न समजता दिलेलं.

यावर एक डॉक्टर मित्र मला म्हणाला, "अरे, मग चाचणीनेच उत्तर मिळालं ना? तुझ्या काचांचं काय काम?" बरोबर आहे त्याचं, अर्धं. चाचणीत काय तपासायचं ते आधी सुचावं लागतं, आणि एका रोगाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. कोविडमध्ये स्टेरॉइडने जीव वाचले म्हणून डेंग्यूत द्यावं का? व्हिएतनाममध्ये २२५ मुलं आणि तरुणांवर ते आधीच करून पाहिलं होतं, निकाल २०१२ चा. सुरुवातीला प्रेडनिसोलोन देऊन काही हाती लागलं नाही. दोन्ही आजारांत या संदेशवाहक प्रथिनांच्या उद्रेकाला "सायटोकाइन वादळ" हाच शब्द वापरतात, पण वादळ दोन्हीकडे एकसारखं नाही. कोणतं प्रथिन, कोणत्या पेशीत, कोणत्या अवयवात, हे ठाऊक असल्याशिवाय पुढचं औषध निवडायचं म्हणजे अंधारात दगड मारणं. ब्राझीलमध्ये २००२ च्या रिओच्या साथीतल्या चार मृतांच्या ऊती बारा वर्षांनंतरही उपयोगी पडल्या. यकृत, फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड यांत काय मोडतोड झाली आणि विषाणू कुठे वाढत होता ते त्यांतून लिहिलं गेलं. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात यकृताच्या पेशींत इंटरल्यूकिन-१८ आणि टीजीएफ-बीटा ही संदेशवाहक प्रथिनं दिसली. चारच माणसं, पण त्यांचे ब्लॉक कुणीतरी नीट ठेवले होते. नाशिकमध्ये दर पावसाळ्यात डेंग्यू येतो, दर वर्षी माणसं जातात, आणि आपल्याकडे ब्लॉक किती आहेत?

उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

चांदिपुराचं उदाहरण तर घरचंच. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात सापडला म्हणून विषाणूला ते नाव. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलांना बाधा झाली, १८३ गेली. त्यानंतर तज्ज्ञांत वाद पेटला. मुलं मेंदूच्या दाहाने गेली की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडाने? उपचार या दोन्हींना वेगळे. असा वाद मिटवायला मेंदूच्या ऊतीइतका चांगला साक्षीदार नाही, आणि आपल्याकडे नेमका त्याचाच दुष्काळ असतो. २०२४ मध्ये गुजरातेत तो विषाणू पुन्हा आला. सुरगाणा, पेठ हे आपले तालुके गुजरातच्या हद्दीला लागून आहेत. तो पसरवणाऱ्या वाळूमाशीला चेकपोस्ट नसतं.

२०२० मध्ये आपल्या देशात कोविडच्या मृतदेहांची शक्यतो चिरफाड न करता तपासणी करा, असं मार्गदर्शन आलं. कर्मचाऱ्यांच्या जिवाच्या भीतीने आलं आणि ती भीती खोटी नव्हती, मी स्वतः त्या दिवसांत हातमोज्यांवर हातमोजे घालून काम केलंय. तरी भोपाळच्या एम्सने काळजी घेऊन कोविडची शवविच्छेदनं केलीच. म्हणजे जमत होतं. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या म्हसरूळला आहे. राष्ट्रीय विषाणू संस्था दोनशे किलोमीटरवर पुण्यात. पॅथॉलॉजीत एमडी करणारी मुलं विषय शोधत फिरतात आणि शेवटी कुठल्यातरी गाठीवरचा शंभरावा प्रबंध लिहितात. माणसं आहेत, यंत्रं आहेत. अँटिबॉडी महाग असतात हे मान्य, पण एका छोट्या बाटलीत पुष्कळ काचा होतात आणि ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात. आज ठेवा, पैसे आले की रंगवा.

खरी अडचण पैशाची नाही, विचारण्याची आहे.

नाशिक म्हणजे लोक जिथे अस्थी घेऊन येतात ते गाव. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत ताटकळणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. देह आहे तसा अग्नीला द्यावा, ही भावना अडाणीपणाची नाही. तिला अंधश्रद्धा म्हणून हिणवणारे कार्यकर्ते मला आवडत नाहीत. पण याच गावात नेत्रदान होतं, देहदानाचे फॉर्म भरले जातात. माणसं नाही म्हणतात ती बहुधा मागण्याच्या तऱ्हेला. आणि आता मागायचं आहे तेही थोडंच. पोट उघडायची गरज नाही. जिवंत रुग्णाची बायोप्सी करतात तशाच सुईने यकृत, फुप्फुस, हृदय यांचे काडीएवढे धागे काढता येतात. तासाभराचं काम, अंगावर टोचल्याच्या खुणा. कर्नाटकात दावणगेरे इथे मृत जन्मलेल्या आणि अकाली जन्मून दगावलेल्या बाळांच्या अभ्यासात हीच पद्धत वापरली गेली आणि आई-बापांनी होकार दिले. बाळ गेलेल्या आईला विचारता येतं, तर आपल्याला का जमू नये?

सक्तीचा इतिहासही आहे, तो विसरू नये. ब्राझीलमध्ये १९३० नंतर पीतज्वराच्या (यलो फीव्हर) मोहिमेत तापाने थोड्या दिवसांत मेलेल्या प्रत्येकाच्या यकृताचा तुकडा व्हिसरोटोम नावाच्या हत्याराने काढायचे. गावोगावी त्यासाठी माणसं नेमली होती, लाखाहून जास्त तुकडे जमले. शहरात डास मारूनही जंगलाच्या कडेला पीतज्वर जिवंत आहे, हे कळायला त्या तुकड्यांची मोठी मदत झाली. लोकांनी विरोधही केला, आणि का करू नये? कुणी विचारलंच नव्हतं. त्या मोहिमेमागे रॉकफेलर फाउंडेशन होतं. याच संस्थेच्या मदतीने १९५२ मध्ये पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं. आपल्याला त्या परंपरेतली चिकाटी हवी, हत्यार घेऊन दारात उभं राहणं नको.

दुसरा विरोध रुग्णालयांचा आहे आणि तो कुणी उघड बोलत नाही. तुकड्यात वेगळंच काही निघालं तर? डेंग्यू म्हणून उपचार केले आणि निघाला लेप्टो, म्हणजे जिवाणूंचा ताप, तर नातेवाईक काचा फोडतील, ग्राहक आयोगात जातील. ही भीती मला समजते. डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांची बाजू मी कधी घेतलेली नाही. पण त्यावर उपाय म्हणून निष्कर्ष फक्त संशोधकांनी ठेवावा, घरच्यांना देऊ नये, असं काहीजण सुचवतात, ते मला साफ नामंजूर आहे. ज्यांनी तुकडा दिला त्यांना निकाल मिळालाच पाहिजे, मराठीत, समजेल अशा भाषेत. लपवाछपवीची सवय लागली की पुढच्या वेळी कुणी होकार देणार नाही, आणि न देणंच बरोबर ठरेल.

मग मागायचं कुणी? ज्याने दोन मिनिटांपूर्वी "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणून सांगितलं, त्या निवासी डॉक्टरने नाही. छत्तीस तास जागा असलेला तो पोरगा सही घ्यायला कागद पुढे करेल आणि थप्पड खाईल. नेत्रदानासाठी, अवयवदानासाठी बोलायला शिकवलेली समुपदेशक माणसं असतात, तशी एक-दोन माणसं पावसाळ्याचे चार महिने तरी मोठ्या रुग्णालयांत हवीत. त्यांनी बसून बोलावं, बाकड्यावर, शेजारी. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलावं, कारण त्यांना रात्रीतच गाडी करून मयत गावी न्यायची असते. तिकडे शंभर माणसं वाट बघत असतात. पाऊण तास लागेल म्हणून सांगितलं तर पाऊण तासातच सोडावं. नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारू नये. हो म्हणाले तर कोणते तुकडे घेतले, कशासाठी आणि निकाल कोणत्या तारखेला मिळेल, हे एका पानावर लिहून द्यावं. तुकडा खराब झाला तर तेही त्याच तारखेला फोन करून सांगावं. बापाला काउंटरवर यायला लावू नये.

आणि फॉर्मॅलिनच्या भरलेल्या बाटल्या आधीच वॉर्डात आणून ठेवाव्यात. दहा टक्के, बफर केलेलं. वर लेबल पेन्सिलीने लिहिलेलं, कारण पेन्सिल ओघळत नाही.